रविवारच्या पानावरची ओळ

आमच्या घरात नोंद झाल्याशिवाय काही घडत नसे. दूधवाला किती वाजता आला, गॅसचा सिलिंडर कधी लावला, गीझरची कॉइल कितव्यांदा जळली, सगळं आबांच्या वहीत असायचं. "माझी शिंक तेवढी लिहायची राहिलीय," असं आई म्हणायची, आणि आबा चष्म्यावरून तिच्याकडे बघून पुन्हा लिहायला लागायचे. आबा म्हणजे माझे वडील. एअर फोर्समध्ये ते सिग्नल्सला होते. शेवटच्या बदलीत चंडीगडला आले आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला परत जायचं, जायचं म्हणत इथंच राहिले. नोकरीत असताना पाळी आली की तळाच्या गार्डरूममधली नोंदवही तपासायची, हे काम त्यांना मनापासून आवडायचं. फाटकावर कोण आला, किती वाजता आला, आत घेतला की नाही, किती वाजता गेला. "माणूस आला की नोंद पायजे," ते सांगायचे. "आत घ्यायचा का न्हाई, ते पुढचं." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ काय, याचा कधी विचारच केला नाही.

सेक्टर सदतीसमधलं आमचं तळमजल्याचं घर तसं शांत. फाटकाची कडी वाजायची, भाजीची रेहडी, म्हणजे हातगाडी, ओरडत जायची, दुपारी एखादं विमान उतरायला लागलं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि आबा मान वर न करता कुठलं विमान ते सांगायचे. रविवारी मात्र घराला दोन आवाज जास्तीचे असत. एक कुकरचा, कारण रविवारी घेवडा व्हायचाच. शेजारणी त्याला राजमा म्हणत आणि त्यात टोमॅटो घालत. आई गावाहून आणलेली कांदा-लसणाची चटणी घालायची आणि "ये राजमा नहीं है जी, ये हमारा घेवडा है," असं फाटकाशी उभं राहून भांडायची. दुसरा आवाज संगणकाचा. माझा मोठा भाऊ, दादा, सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेला होता. जाण्याआधी त्याने घरच्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवून ठेवला होता. रविवारी सकाळी दहाला तो तिकडून हाक मारायचा आणि जेवणाच्या टेबलाशेजारचा संगणक टुर्र-टुर्र वाजायला लागायचा. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असे. सगळे घरी गेलेले असताना तो ऑफिसात एकटा बसून आईशी बोलायचा. कुकरची तिसरी शिट्टी आणि ती टुर्र-टुर्र बहुतेक एकदमच व्हायची. "आलं बघ पोरगं," म्हणत आई पदराला हात पुसत धावायची, आणि आबा उठून गॅस बारीक करायचे. स्वतः ते बोलायला बसत नसत, पण वर्तमानपत्राचं पान तेवढा वेळ उलटत नसे.

मग आई आजारी पडली. सात महिने. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण लिहायला बसले की मला आजही राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. इस्पितळाच्या रांगा मी लावल्या, रात्रंदिवस उशाशी मी बसले, आणि श्रावणात ती गेली तेव्हा दादा आला नाही. त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी कुठल्याशा कचेरीत अडकला होता. तो फोनवर रडत हे सांगत होता आणि आबा ऐकत होते. "सरहद्दीवरचा शिपाई आईसाठी येतो," ते एवढंच म्हणाले, "आन् तुला खुर्चीवरनं उठता येत न्हाई?" त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. पुढेही दोनदा त्याचा आवाज ऐकताच फोन ठेवला. नंतर दादा घरी फोन करीना. माझ्या मोबाईलवर करायचा, तर मी ऑफिसात आहे म्हणून तोडायचे. आबा कठोर होते हे सगळे नातेवाईक सांगतात. मी किती कठोर होते, हे कुणाला माहीत नाही.

तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी दहा वाजता संगणक वाजला. आम्ही दोघं टेबलाशी चहा-ब्रेड खात होतो. कुणीच उठलं नाही. तो पूर्ण वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आबांनी ब्रेडचा तुकडा बशीत ठेवला. "तो आवाज बंद करायचा," ते म्हणाले. मी स्पीकरची वायर काढली असती तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण त्याच आठवड्यात संगणकात व्हायरसच्या जातीचा तो प्रसिद्ध किडा शिरला, जो साठ सेकंद उलटे मोजून मशीन बंद पाडायचा. त्या दिवसांत तो सगळ्या शहरात फिरत होता. मी तेव्हा सेक्टर चौतीसमधल्या एका छोट्या कंपनीत नेटवर्कचं काम शिकत होते. इथल्या मराठी डॉक्टरांच्या आणि फौजींच्या घरी ब्रॉडबँड आलं की मलाच बोलावणं यायचं, आणि काकू मंडळी मला तोंडावर ‘राऊटरवाली’ म्हणायच्या. मी आबांना सांगितलं की आपला संगणक उघड्यावर आहे, मध्ये राऊटर पाहिजे, त्यात फायरवॉल पाहिजे. फायरवॉल म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गार्डरूम." त्यांचा चेहरा आई गेल्यापासून पहिल्यांदाच जरा जागा झाला.

सेक्टर वीसच्या मार्केटात आम्ही दोघं गेलो. दुकानदार सरदारजींनी दोन डबे पुढे ठेवले आणि त्यातल्या महागड्यावर थाप मारली. "बाऊजी, ये देखो, वायरलेस. पूरी कोठी में चलेगा, छत पर भी."

"छत पर हमको क्या करना है?" आबा म्हणाले. "ये बताओ, इसमें रजिस्टर है?"

"रजिस्टर, जी?"

"कौन आया, कब आया, अंदर लिया कि नहीं."

सरदारजींनी माझ्याकडे बघितलं. "लॉग पूछ रहे हैं," मी म्हटलं.

"अच्छा, लॉग! वो इस दूसरे वाले में पक्का है जी. पर इसमें वायरलेस नहीं है."

"यही दे दो," आबा म्हणाले. पुढे आयुष्यभर मी लोकांना राऊटर निवडून दिले. सगळे स्पीड विचारतात, किती भिंतींच्या पलीकडे जाईल ते विचारतात. रजिस्टर आहे का, असं विचारणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं, आणि तेही घरातलंच.

शनिवारी दुपारी मी तो डबा जोडायला बसले. मॉडेम, राऊटर, संगणक, मधल्या निळ्या वायरी. आबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. मी नियम लिहीत होते. आतून आपण कुणाला हाक मारली तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं, पण बाहेरून आपणहून येणाऱ्या कुणालाही घ्यायचं नाही. दादाचा प्रोग्रॅम तसाच राहू दिला. आईने तो रोज पुसल्यासारखा जपला होता, काढून टाकायला माझा हात धजावला नाही. त्याला फक्त बाहेरून कुणी गाठू शकणार नव्हतं. मग पडद्यावर एक प्रश्न आला आणि मी थांबले.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"दोन पर्याय आहेत. एक, दार बंद आहे असं उलट कळवायचं. म्हणजे बाहेरच्याला लगेच समजतं की इथं कुणीतरी आहे आणि नाही म्हणतंय. दुसरं, काहीच बोलायचं नाही. तो हाका मारतो, थांबतो, कंटाळून जातो. इथं घर आहे का रिकामा प्लॉट, तेही त्याला कळत नाही."

"तुझं पुस्तक काय म्हणतं?"

"गप्प राहावं. तेच जास्त सुरक्षित."

आबांनी चष्मा सारखा करून त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की आपण जगभरच्या किड्यांबद्दल बोलत नाही आहोत. त्यांनी मला विचारलं असतं, तुला काय वाटतं, तर मी काय म्हणाले असते? खरं सांगते, तेच म्हणाले असते. सात महिने मी आईची हाक ऐकली होती. आता त्यालाही कळू दे हाक मारून कुणी ओ देत नाही म्हणजे काय ते, असं माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं होतं. "मग पुस्तकात हाय तसंच कर की," आबा म्हणाले, आणि मी केलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले आणि घरात काहीही वाजलं नाही. कुकरही नव्हता. मंगळवारी दादाची मेल आली. "छोटे, घरचा कॉम्प्युटर बंद आहे का? रिंगच जात नाहीये. की आबांनी बंद केलाय? खरं सांग यार." मी ऑफिसातल्या माझ्या टेबलावर बसून ती तीनदा वाचली. आबांनी बंद केलाय असं लिहिलं असतं तर तो भांडला असता, रडला असता, कदाचित पासपोर्ट हातात पडताच विमानात बसला असता. मी लिहिलं, "बिघडलाय. दुरुस्त झाला की कळवते." त्याचं लगेच उत्तर आलं. "ओके. मी ट्राय करत राहीन." दार बंद आहे असं उलट कळवणारा पर्याय मी घेतला असता तर हे खोटं मला बोलताच आलं नसतं, त्याला पहिल्याच रविवारी कळलं असतं. गप्प राहणाऱ्या भिंतीआड कुठलंही खोटं खपतं, हे मला तेव्हा नव्याने कळलं आणि मी त्याचा फायदा घेतला. नंतरच्या मेलमध्ये तो शेवटी दोन शब्द लिहायचा, "झाला का?" बाकीच्या मेलला मी उत्तर द्यायचे, त्या दोन शब्दांना नाही.

आणि रोज सकाळी राऊटरची नोंदवही. चहा झाला की आदल्या दिवसाचं पान काढायचं, हा आबांचा हुकूम. आमचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किरकिरत, ओरडत एकेक ओळ उमटवायचा. आई असती तर म्हणाली असती, त्याला आधी तेल घाला. आबा कागद फाडून, कडेच्या भोकांच्या पट्ट्या काढून, लाल-निळी पेन्सिल घेऊन बसत. "ह्यो कोण?" ते विचारत. मी सांगायचे, कुणी नाही, उगाच दारं हलवत फिरणारे लोक आहेत. "म्हणजे भुरटे," म्हणून ते निळी खूण करत. सोमवारी रविवारचं पान निघायचं. त्यात दहाच्या पुढे एका खाली एक तीन ओळी असायच्या, इंटरनेटवरच्या एकाच आकडी पत्त्यावरून आलेल्या. त्या पत्त्याच्या शेवटी सतरा होतं. दादाच्या ऑफिसचा तो पत्ता मी झोपेतही ओळखला असता. आबांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही, ह्यो कोण म्हणून. त्या ओळींभोवती ते लाल गोल करायचे, बाजूला बारीक अक्षरात काहीतरी लिहायचे, पानाखाली सही करायचे आणि पान फाइलला लावायचे. मी ताटल्या उचलायच्या निमित्ताने उठायचे. दसरा झाला, दिवाळी झाली, धुकं पडायला लागलं. समोरच्या बंगल्याचं फाटकही दिसेनासं होई. त्या धुक्यात एका टेबलाशी बसून आम्ही बापलेक दर सोमवारी त्याच्या हाका मोजत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. दोघांपैकी एकाने तोंड उघडायचा अवकाश होता.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी घरचा फोन वाजला. दादाच्या खोलीत राहणारा त्याचा मित्र होता, हैदराबादकडचा. "अंकल से बात कराइए," म्हणाला. मी रिसीव्हर आबांकडे दिला. बर्फात गाडी घसरली होती, दादा जागीच गेला होता. या खेपेला आबांनी रिसीव्हर ठेवला नाही. शेवटपर्यंत ऐकलं, त्या मित्राचं नाव विचारलं, वेळ विचारली, आणि फोन झाल्यावर वही उघडून नोंद केली.  जायचा प्रश्नच नव्हता. आबांचा पासपोर्ट नव्हता. काढायला किती दिवस, मग व्हिसाला किती, हे मी कुणाकुणाला फोन करून विचारत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मलाबी न्हाई जाता येणार." तिथल्या मित्रांनीच सगळं केलं.

सोमवारी लोक येऊन बसून गेल्यावर आबा म्हणाले, "पाच दिवसांची पानं राहिलीत. काढ." मला वाटलं, करू दे, हात कामात राहील. प्रिंटर ओरडत राहिला. ते पेन्सिल घेऊन एकेक पान बघत होते, आणि रविवारच्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली.

"हे बघ," ते म्हणाले. आवाज इतका हळू की मी वाकले.

सकाळचे दहा. तीन ओळी. शेवटी सतरा.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला आनंद झाला. फोनच चुकीचा होता, तो आहे, असं वाटून गेलं. मग हळूहळू डोकं चाललं. मी ट्राय करत राहीन, असं तो म्हणाला होता. दर शनिवारी रात्री ऑफिसात जाऊन बसायला नको म्हणून त्याने मशीनलाच सांगून ठेवलं होतं, अमुक वेळ झाली की हाक मार, लागेपर्यंत मारत राहा. त्याच्या टेबलाखाली ते मशीन चालूच होतं. मी हे आबांना समजावलं. त्यांना लगेच कळलं.

"म्हणजे तो गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले.

तेव्हा मी बोलले. बिघडलाय असं मी लिहिलं होतं, तो दुरुस्त व्हायची वाट बघत होता, दर वेळी विचारत होता, सगळं. बोलताना मी लहान मुलीसारखी हुंदके देत होते. आबा रागावतील, मारतीलसुद्धा, असं वाटत होतं, आणि त्यांनी तसं करावं अशी माझी इच्छा होती. ते पानावरची घडी बोटाने सारखी करत राहिले. "रोज पान माझ्या हातात होतं," ते म्हणाले. "मी तरी कुठं म्हणालो, उघड म्हणून?" थोड्या वेळाने त्यांनी पान फाइलला लावलं. "आता उघड."

मी नियम लिहिला. शेवटी सतरा असलेल्या त्या एका पत्त्याला दार उघडं. दादाच्या मित्राला सांगून ते मशीन बंद करवता आलं असतं. "कुणाला सांगू नको," आबा म्हणाले.

रविवारी ते सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः घेवडा भिजत घातला होता. चटणीच्या बरणीत तळाशी थोडी चटणी होती, ती त्यांनी चमच्याने खरवडून काढली. मी स्पीकरची वायर बघितली, पुन्हा बघितली. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आणि टुर्र-टुर्र सुरू झालं. त्या आवाजाने आई इतकी जवळ आली की मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आबा संगणकासमोर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आईचा हेडफोन कानाला लावला आणि मी दाखवलं तिथे बटण दाबलं. मी त्यांच्या गालाजवळ कान नेला. पलीकडे कुणी नव्हतं. एका मोठ्या रिकाम्या खोलीचा आवाज होता, कुठलं तरी यंत्र एकसुरी घुमत होतं. आबा ऐकत राहिले. गॅस बारीक करायला कुणी उठलं नाही.

मग त्यांनी घसा खाकरला. "बाळ," ते म्हणाले, "आबा बोलतोय रे. बिघाड निघालाय. तुझ्या बाजूनं काही नव्हता, आपल्याकडंच होता. आता लागतंय." थांबून ते म्हणाले, "तुझी आई स्वयंपाकघरात हाय, असं समज."

त्यानंतर आठ रविवार ते वाजलं. दर वेळी आबा दाढी करून बसले. एकदा पलीकडे कुणी झाडलोट करणारी बाई गुणगुणत गेली, ते त्यांनी मला बोलावून ऐकवलं. काय बोलायचे ते मी पुढे ऐकलं नाही. मी बाहेर फाटकाशी जाऊन उभी राहायचे. या शहरात झाडांची पानं थंडीत नाही, होळीच्या सुमारास गळतात. रस्ताभर पानांचा थर असायचा आणि म्युनिसिपालिटीच्या बायका तो लोटत असायच्या. नवव्या रविवारी दहा वाजून गेले, सव्वादहा झाले. कुणीतरी ते मशीन बंद करून दुसऱ्या कामाला लावलं असणार. आबा साडेअकरापर्यंत हेडफोन लावून बसले, मग उठून जेवायला घे म्हणाले.

आबा गेल्यावर मी ती फाइल उघडली. शरदातल्या पानांवर लाल गोलाशेजारी दर सोमवारी तेच बारीक अक्षर होतं, ‘आला. आत घेतला नाही.’ मग जानेवारीनंतरची पानं. तिथे पट्टीने उभ्या रेघा मारून त्यांनी गार्डरूमच्या वहीसारखे रकाने पाडले होते. ‘आला’ या रकान्यात दहा. ‘घेतला’ या रकान्यात खूण. ‘गेला’ हा रकाना त्यांनी आखला होता आणि शेवटच्या पानापर्यंत कोरा ठेवला होता.

आता मी चंडीगडलगतच्या मुल्लानपूरच्या नव्या वस्तीत राहते. राऊटर चार-पाच तरी बदलले, प्रत्येकात मी तो सतराचा नियम पुन्हा लिहिला. दुसऱ्यांकडे काम करते तेव्हा दार बंद आहे असं सांगणाराच पर्याय ठेवते. माझ्या हाताखालची पोरं त्यावरून मला जुनाट म्हणतात, म्हणू देत. तो पत्ता आज कुणाचा असेल देव जाणे, आणि आमच्याकडे तो प्रोग्रॅम चालेल असं मशीनही उरलेलं नाही. परवा माझी मुलगी कॉलेजच्या अभ्यासासाठी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरली होती. मराठी तिला सगळी कळते, बोलते मात्र हिंदीत.

"मम्मी, ये एक रूल खुला पड़ा है, बाहर से अंदर आने का. किसका है? डिलीट कर दूँ?"

"नको," मी म्हटलं. "घरातल्याचा आहे."